नव्या वाघिणीला जुन्या वाटेची धूळ

वाचकहो, आज दुपारी जरा सवड मिळाली, की आपल्या गोठ्याच्या पत्र्याकडे एकदा नीट पाहा. पत्रा जुना असला तरी सगळीकडे सारखा गंजलेला नसतो. खिळ्याभोवती गंजाचे गोल कडे असते. त्या कड्यापासून पन्हळीच्या पोटातून एक तांबूस ओघळ खाली उतरलेला असतो. चुलीच्या बाजूचा पत्रा काळवंडलेला असतो, आणि झाडाची सावली पडते तिथे हिरवट बुरसा धरलेला असतो. पाऊस कोणत्या अंगाने येतो, धूर कोठे कोंडतो, पाणी कोठे साचते, हा सगळा हिशेब त्या पत्र्यावर मांडलेला असतो. तो वाचायला शाळा लागत नाही. शेतकऱ्याला तो आपोआप वाचता येतो.

हे सांगण्याचे कारण असे, की ज्याला हा हिशेब वाचता येतो त्याला एक सुंदर छंद फार लवकर साधतो. तो छंद म्हणजे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींवर वापराच्या खुणा हाताने रंगवणे. वाघिणीवरची धूळ, इंजिनावरची काजळी, टाकीवरचे ओघळ आणि रिवेटाखालचा गंज, हे सारे कुंचल्याने असे उतरवायचे, की वीतभर लांबीची ती गाडी आत्ताच मिरजेच्या यार्डात येऊन उभी राहिली आहे असे वाटावे. या कामाला आपण साध्या मराठीत ‘गाडी मळवणे’ म्हणू.

“अहो, नवी कोरी वस्तू आणायची आणि ती मुद्दाम मळवायची, हा काय उद्योग?” असे घरातले वडीलधारे विचारतील. विचारू द्या. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी आहे.

खेळणे आणि प्रतिकृती

जत्रेत मिळते ती आगगाडी खेळणे असते. तिचे रंग भडक असतात आणि मापांना काही धरबंध नसतो. प्रतिकृतीचे तसे नाही. ती खऱ्या गाडीच्या मापाशी इमान राखून केलेली असते. जगभर जास्त चालणारे प्रमाण म्हणजे एकास सत्त्याऐंशी. खऱ्या गाडीवरचे ८७ फूट प्रतिकृतीत १ फूट होतात. रुळावर तेल वाहून नेणारी आपल्याकडची मोठी टाकीची वाघीण सुमारे साडेबारा मीटर लांब असते. या प्रमाणात ती १४ सेंटिमीटरच्या आसपास भरते.

आपल्या महाराष्ट्रात हा छंद डोळे भरून पाहायचा तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. पुण्याला कामानिमित्त जाणे झाले तर मुलांना घेऊन अवश्य जा. पण घरी सुरुवात करायला पुण्याला जाण्याची गरज नाही. गणपतीच्या आराशीत एक गाडी मांडावी, दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी चार वाघिणी उभ्या कराव्यात, एवढा हेतू पुरे.

माझी पहिली वाघीण

मी कुपवाडचा. इथून मिरज जंक्शन सायकलच्या टप्प्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, हे आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली. १० टाक्यांच्या वाघिणी होत्या आणि एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात आतून वाफेने धुऊन घेतल्या होत्या. मिरजेला त्यांत कृष्णेचे पाणी भरले, आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाट कापून ती गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. लोकांनी तिला ‘जलदूत’ म्हणून ओळखले.

त्या गाडीची एक वाघीण करून गणपतीपुढे ठेवावी असे माझ्या मनात आले. ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा रानात पडलेला होताच. तो कापला, दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याच्या चकत्या बसवल्या, खाली पुठ्ठ्याचा सांगाडा केला. मग गंजाचा रंग कालवला आणि मोठ्या हौसेने सगळ्या टाकीवर थापला. तिथे जुनेपणा दिसायला हवा ना!

आमच्या ओळखीचे एक निवृत्त रेल्वे कामगार दर्शनाला आले होते. त्यांनी वाघीण हातात घेतली, खालीवर करून पाहिली आणि म्हणाले, “काय हो, ही लातूरला पाणी घेऊन निघाली होती, का भंगाराच्या लिलावाला?”

मी गप्प झालो. मग त्यांनीच बसवून समजावले. “हे बघा, पाणी वरच्या झाकणातून भरतात. भरताना ते सांडते. टाकीच्या पाठीवर धूळ असते, सांडलेले पाणी ती धूळ धुऊन खाली नेते. म्हणजे झाकणाखाली ओघळ दिसेल तो मळका नाही, स्वच्छ दिसेल. तो मळ जातो कुठे? टाकीच्या पोटाशी, पट्ट्यांच्या कडेला आणि सांगाड्यावर जाऊन बसतो. तुम्ही गंज रंगवला. पाणी रंगवलेच नाही.”

या छंदातला पहिला आणि शेवटचा धडा मला त्या दिवशी मिळाला. गाडीने कोणते काम केले ते आधी विचारा. मळ त्या कामाच्या मागोमाग येतो.

आधी पाहणे, मग रंगवणे

म्हणून कुंचला हातात धरण्यापूर्वी आठ दिवस नुसते पाहा. फाटकापाशी मालगाडीसाठी थांबावे लागले तर कंटाळू नका, ती फुकटची शाळा आहे. फलाटावरून किंवा फाटकाबाहेरूनच पाहा. रुळांवर किंवा यार्डात शिरू नका. काय पाहायचे ते सांगतो.

कोळशाची उघडी वाघीण बाहेरून तपकिरी-लाल दिसते, पण आतून कोळशाने घासून तिचा रंग कधीच गेलेला असतो. आत उघडा गंजका पत्रा असतो आणि कोपऱ्यांत काळी भुकटी बसलेली असते. खताची बंद वाघीण पाहा. दाराच्या फटीशी पांढरट खार दिसेल आणि त्या खाराखाली पत्रा लवकर खाल्लेला दिसेल. खताचे पोते ठेवलेल्या खोलीत दाराच्या कडीची जी गत होते, तीच ही. सिमेंटच्या वाघिणीवर करडी पूड बसते. पाऊस लागला की तिचा घट्ट पापुद्रा होतो. तेलाच्या टाकीवर झाकणापासून काळपट, तुकतुकीत ओघळ उतरतात आणि त्यांवर धूळ चिकटते.

सगळ्या वाघिणींना सारखी असणारी गोष्ट म्हणजे खालचे अंग. चाके, ब्रेक आणि सांगाडा यांवर तपकिरी थर असतो. ब्रेकचे ठोकळे चाकावर घासतात आणि लोखंडाची बारीक भुकटी उडून खाली सगळीकडे बसते, तिलाच पुढे गंज चढतो. वर रुळांवरची धूळ असतेच. मात्र चाकाचा जो भाग रुळावर फिरतो तो आरशासारखा चकचकीत राहतो. नांगराचा फाळ जसा जमिनीत चालणाऱ्या टोकाला लखलखीत आणि वर गंजलेला असतो, अगदी तसा.

आणखी एक खूण आहे. वाघिणीच्या अंगावर तिच्या दुरुस्तीची तारीख रंगवलेली असते. तारीख नवी लिहिताना तेवढाच चौकोन ताज्या रंगाने पुसून घेतात. त्यामुळे मळक्या अंगावर एक स्वच्छ चौकोन उठून दिसतो. प्रतिकृतीवर हा चौकोन राखला, की पाहणारा म्हणतो, “हां, ही खरी!”

सामान बेताचेच

दुकानातून पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणा. काळा, पांढरा, करडा, गडद तपकिरी आणि विटकरी असे पाच पुरे. बारीक कुंचले दोन, चपटा जुना कुंचला एक, आणि चकाकी नसलेले, म्हणजे मॅट व्हार्निश. बाकीचे घरातच आहे: गेरू, खडूची पूड, लाकडी कोळशाची पूड, कंदिलाची काजळी, काळ्या रानातली आणि मुरमाड रानातली माती. माती चांगली वाळवून वस्त्रगाळ करून घ्या. जुन्या बनियनची फडकी, कापसाचे बोळे, स्पंजाचा तुकडा आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, एवढ्यावर काम होते.

चार गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. पूड चाळताना आणि पत्रा-पाइप घासताना नाकातोंडाला फडके बांधा. चुना वापरू नका, डोळ्यांत गेला तर इजा करतो. टर्पेंटाइन घालून पातळ करायचे रंग चुलीजवळ किंवा लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका. आणि माळ्यावर पडलेले जुने तैलरंगाचे डबे या कामाला काढू नका. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम लागू झाला आहे. म्हणून डबा नवाच घ्या.

कृती

पहिली गोष्ट धुण्याची. विकतची प्रतिकृती असेल तर तिच्यावर साच्याचा तेलकटपणा असतो, घरची असेल तर हाताचा. चाके काढून ठेवा, साबणाच्या कोमट पाण्याने अंग हलके धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. पुठ्ठ्याची वाघीण अर्थातच धुवायची नाही. पाइपची असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर रंग साल निघाल्यासारखा सुटतो.

दुसरी गोष्ट चकाकी मोडण्याची. मूळ रंग देऊन वाळल्यावर मॅट व्हार्निशचा पातळ हात द्या. उन्हातान्हात फिरलेल्या गाडीला नव्या बांगडीची चमक शोभत नाही. मूळ रंग कालवतानाच त्यात थोडा पांढरा घाला. ऊन रंग फिका करते, आणि टपाचा भाग सर्वांत जास्त. आपल्या सदऱ्याचे खांदे आधी विटतात तसे.

तिसरा पाणीदार मळ. गडद तपकिरी रंगात थोडा काळा घाला आणि चहाच्या कोऱ्या पाण्याइतका पातळ करा. साबणाचा एक थेंब टाकला की तो थेंबाथेंबाने गोळा न होता सगळ्या फटींत पसरतो. एका वेळी एकच बाजू घ्या. मळ लावा, मिनिटभर थांबा, मग ओलसर फडक्याने वरून खाली पुसा. कधीही आडवे पुसू नका, कारण पाऊस वरूनच येतो. उंच भाग स्वच्छ होतील आणि सांध्यांत, कोपऱ्यांत, रिवेटांच्या बुडाशी मळ राहील. निम्मे काम इथेच होते.

चौथा गंज. स्पंजाचा लहान तुकडा चिमटीत धरा, गडद तपकिरी रंगात टेकवा, कागदावर ठिपकून बहुतेक रंग काढून टाका आणि मग वाघिणीच्या कडांवर, दाराच्या बिजागऱ्यांवर, माल आपटतो त्या जागी हलकेच टेकवा. जुना गंज गडद असतो आणि ताजा गंज नारिंगी. म्हणून आधी गडद ठिपका, आणि वाळल्यावर त्यातल्या एखाद्याच्याच मध्ये नारिंगी टोक. गंजाचा ओघळ काढायचा तर ठिपक्याखाली बारीक रेघ ओढा आणि ओल्या कुंचल्याने खालच्या टोकाकडे विरवत न्या.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. खऱ्या वाघिणीवरचा एक इंचाचा गंज एकास सत्त्याऐंशी प्रमाणात मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही लहान होतो. तुमच्या कुंचल्यातून पडलेला ३ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर तब्बल २६ सेंटिमीटरचा, म्हणजे ताटाएवढा गंज! माझ्या पहिल्या वाघिणीवर असली ताटे शंभर तरी असतील.

पाचवा कोरडा कुंचला. जुन्या चपट्या कुंचल्याला फिका करडा-मातकट रंग लावा, फडक्यावर इतका पुसा की आता काही उरले नाही असे वाटावे, आणि मग शिडीच्या पायऱ्या, कडा आणि रिवेटांची डोकी यांवरून हलकेच फिरवा. उंच भागांना उजेड लागल्यासारखा होतो आणि बारीक काम डोळ्यांना दिसू लागते.

सहावी पूड. खालच्या सांगाड्यावर गेरू आणि काळी माती मिसळून मऊ कुंचल्याने बसवा. अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर मातीचा हलका हात द्या. रुळांवरची धूळ तेवढीच वर चढते. कोळशाच्या वाघिणीत कोळशाची पूड, सिमेंटच्या टपावर खडूची. मग मॅट व्हार्निशचे पातळ हात देऊन बसवा. एक सावधगिरी: व्हार्निश लागले की पूड निम्मी दिसेनाशी होते. त्यामुळे हवी त्याहून किंचित जास्त घाला, पण आधी टाकाऊ तुकड्यावर परीक्षा पाहा.

शेवटी चाके. बाहेरचा चेहरा तपकिरी करा, पण रुळावर टेकणारा घेर पूर्ण स्वच्छ ठेवा. विजेवर चालणाऱ्या इंजिनाला रुळांतून चाकांवाटेच वीज मिळते. घेरावर रंग किंवा पूड राहिली तर इंजिन जागच्या जागी धक्के खाईल.

इंजिनाचा स्वभाव

वाघीण ओझे वाहते, इंजिन श्वास घेते. म्हणून इंजिनाचा मळ त्याच्या श्वासाकडे पाहून रंगवावा.

कोळशाच्या इंजिनाला धुराड्यापाशी काजळी, समोरच्या तोंडाशी राखेचा करडा रंग आणि कोळशाच्या खणाभोवती काळी भुकटी. वाफ सुटते त्या शिट्टीपाशी आणि झडपांपाशी पांढरे ओघळ उतरतात. बोअरच्या पाण्याने भांड्याला खार धरतो, त्याच जातीचा हा खार. चाके जोडणारे दांडे मात्र तेलाने तुकतुकीत. तिथे मॅट व्हार्निश लावू नका.

डिझेल इंजिनाच्या टपावर धूर निघतो त्या जागेभोवती काळा डाग पसरतो आणि मागच्या बाजूला लांबतो. तेल भरण्याच्या तोंडाखाली ओले डाग दिसतात. चढायच्या पायऱ्या आणि दांड्या माणसांच्या हातापायांनी घासून उजळलेल्या असतात. समोरची काच धुळीने भरलेली, पण पुसणीचा अर्धगोल स्वच्छ. तो साधायला कागदाची अर्धगोल चिकटपट्टी काचेवर लावा, धुळीचा पातळ रंग द्या आणि वाळल्यावर पट्टी ओढून काढा. मुलांना हे फार आवडते.

विजेच्या इंजिनाला धूर नाही. त्याच्या टपावर मात्र वरच्या तारेला घासणाऱ्या पट्टीची भुकटी पडते आणि टप गडद तपकिरी होतो. विजेच्या इंजिनाच्या टपावर धुराची काजळी रंगवली तर ते खोटे होईल.

नेहमीच्या चुका

पहिली चूक हात न आवरण्याची. भाजीत मीठ कमी पडले तर घालता येते, जास्त झाले तर काढता येत नाही. एक थर द्या, रात्रभर ठेवा, सकाळच्या उजेडात पाहा. बहुतेक वेळा “बास झाले” असेच उत्तर येते.

दुसरी चूक सगळ्या वाघिणी सारख्या करण्याची. एका घरातली पाच भावंडेसुद्धा सारखी नसतात. दहा वाघिणींत दोन फार मळक्या, एक नुकतीच कारखान्यातून आलेली स्वच्छ आणि बाकीच्या मधल्या ठेवा. स्वच्छ वाघिणीमुळेच बाकीच्यांचे कष्ट उठून दिसतात.

तिसरी चूक लाकडाला गंज रंगवण्याची. फळ्यांना गंज चढत नाही. त्या उन्हाने करड्या पडतात, जुन्या बैलगाडीच्या साटीसारख्या. गंज फक्त त्यांच्या खिळ्यांना आणि पट्ट्यांना.

हे सारे कशासाठी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. नवी वस्तू मुद्दाम का मळवायची?

जलदूत ज्या वाटेने लातूरला गेला, त्या वाटेवर पूर्वी एक छोटी गाडी धावत असे. बार्शी लाइट रेल्वे तिचे नाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंतचा पहिला भाग सुरू झाला. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. एकूण मार्ग सुमारे ३२५ किलोमीटरचा. कॅलथ्रॉपने मोठ्या विचाराने नियम घातला होता, की एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता येईल. त्यासाठी दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या, २५ फूट लांबीच्या वाघिणी केल्या. त्या वाघिणींनी आपल्या दुष्काळी मुलखाचा माल वाहिला, आणि त्याच गाडीने पंढरीचे वारकरी नेले-आणले. १९५४ साली ती भारतीय रेल्वेत सामील झाली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रुळ उखडून रुंद रुळ टाकले गेले.

ते बरेच झाले, यात शंका नाही. रुंद रुळ नसते तर २०१६ साली एवढे पाणी लातूरला पोहोचले नसते. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल याच वाटेवरच्या सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली, तीही निघाली नसती. जुन्या गाडीसाठी गळा काढायचे कारण नाही.

पण ती कशी दिसत होती, हे आता कोणाला ठाऊक आहे? तिची मापे पुस्तकांत मिळतील. २५ फुटांची ती वाघीण एकास सत्त्याऐंशी प्रमाणात पावणेनऊ सेंटिमीटर होते, हे आपण आत्ता गणित करून काढू शकतो. परंतु तिच्या दाराशी कोणत्या मालाचा डाग होता, पावसाळ्यात तिच्या अंगावर कोणत्या रानाची माती उडे, इंजिनाच्या कोणत्या बाजूला खार धरलेला असे, बाकाची कोणती कड वारकऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाली होती, हे कोणत्याही नकाशावर लिहिलेले नाही. ते फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे, आणि ते डोळे आता थकले आहेत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार होते. गाड्या आणि इमारती मळवून खऱ्यासारख्या दाखवण्याची कला लोकप्रिय करणाऱ्यांत त्यांचे नाव आघाडीवर घेतात. आपल्या घराच्या तळघरात त्यांनी अनेक वर्षे खपून डोंगर, पूल, गावे आणि रेल्वे उभी केली. १९७३ साली ते वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या घराला आग लागून बहुतेक सारे जळाले. त्यांची रेल्वे आज उरली आहे ती त्यांनी काढलेल्या छायाचित्रांत. जपून ठेवलेल्या वस्तूची ही गत, तर न जपलेल्या आठवणीची काय कथा!

म्हणून वाचकहो, एक करा. घरात किंवा शेजारी त्या छोट्या गाडीतून गेलेले कोणी आजोबा-आजी असतील, तर त्यांच्यापुढे एक साधी पुठ्ठ्याची वाघीण ठेवा आणि नातवाच्या हाती कुंचला द्या. मग विचारा, “आजोबा, ती कुठे मळलेली असायची?” आधी ते हसतील. म्हणतील, “आता कुठले आठवतेय!” मग चष्मा लावतील. आणि थोड्या वेळाने बोट पुढे करून म्हणतील, “इथे नव्हे रे, इथे. या कडेला. आणि एवढा लाल नको.”

माझी ती पहिली वाघीण मी टाकून दिली नाही. रंग खरवडून पुन्हा रंगवली. झाकणाखाली एक स्वच्छ ओघळ ठेवला आहे. दरसाल गणपतीपुढे ती उभी असते, आणि कोणी ना कोणी पाहुणा त्या ओघळावर बोट ठेवून म्हणतो, “हे पाणी सांडलेले दिसतेय.” तेवढे ऐकले, की केलेल्या कामाचे चीज झाल्यासारखे वाटते.